पीएलडीच्या थरावर पुन्हा पुन्हा फांद्यांचे पुंजके येतात तेव्हा

चेंबर उघडलं, सबस्ट्रेट (ज्यावर थर चढवायचा तो तुकडा) बाहेर काढला आणि चकचकीत थराऐवजी त्यावर मळकट, काळपट पापुद्रा दिसला. कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसलं तरी तो निघून येतो. एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) पाच-दहा नॅनोमीटरचे गोल कण एकमेकांना चिकटून साखळ्या झालेल्या दिसतात, साखळ्यांना फांद्या, फांद्यांना पुन्हा बारीक फांद्या आणि मधे भरपूर मोकळी जागा. प्रेशर जरा कमी केलं की एक-दोन नमुने बरे येतात. मग एक दिवस त्याच सेटिंगवर तीच काजळी परत.

पल्स्ड लेझर डिपॉझिशन (पीएलडी), म्हणजे लेझरच्या झटक्यांनी टार्गेट नावाच्या घन तुकड्यातला पदार्थ उडवून समोरच्या सबस्ट्रेटवर थर चढवणं, हे काम करणाऱ्या बहुतेकांना हा त्रास कधी ना कधी होतो. तो पुन्हा पुन्हा का होतो याचं माझ्या मते एकच मोठं कारण आहे: पुंजके कुठे तयार झाले हे न तपासताच उपाय सुरू होतात. दिसायला सारखेच पुंजके तीन वेगळ्या ठिकाणी बनू शकतात. एक, टार्गेट आणि सबस्ट्रेटच्या मधल्या वायूत. दोन, सबस्ट्रेटच्या पृष्ठभागावर. तीन, लेझर बंद झाल्यानंतर, म्हणजे चेंबरमध्ये हवा भरताना, नमुना धुताना किंवा तापवताना. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, काही तर एकमेकांच्या उलट.

आधी थेंब बाजूला काढा

एसईएममध्ये अर्धा-एक मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे, गुळगुळीत, सुटे गोळे दिसत असतील तर ते टार्गेटवरून उडालेले वितळलेले थेंब आहेत. त्यांचा या लेखाशी संबंध नाही. टार्गेट घासून सपाट करा, ते फिरतं आहे ना बघा, फ्लूअन्स (टार्गेटच्या दर क्षेत्रफळावर पडणारी लेझरची ऊर्जा) थोडा कमी करा. प्रेशर बदलून थेंब जात नाहीत. अनेकदा थेंब आणि पुंजके एकाच नमुन्यावर असतात. तेव्हा दोन्ही तक्रारी वहीत वेगवेगळ्या लिहा, नाहीतर कोणत्या बदलाने काय गेलं ते कळत नाही.

फ्रॅक्टल मितीचा आकडा तुम्हाला फसवू शकतो

पुंजके दिसले की पहिला मोह होतो तो प्रतिमा सॉफ्टवेअरमध्ये टाकून बॉक्स काउंटिंग करायचा, म्हणजे वेगवेगळ्या मापांचे चौकोन टाकून फ्रॅक्टल मिती (पुंजका जागा किती दाट भरतो ते सांगणारा आकडा) काढायचा. आकडा 1.7 च्या आसपास येतो आणि निष्कर्ष निघतो: विसरणाने मर्यादित वाढ, म्हणजे कण पृष्ठभागावर भटकत येऊन चिकटले. इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते.

विटन आणि सँडर यांनी 1981 मध्ये मांडलेल्या नमुन्यात एक बीज जागेवर असतं आणि एकेक कण भटकत येऊन त्याला चिकटतो. बाहेरच्या टोकांना नवे कण आधी भेटतात, आतल्या फटींपर्यंत ते पोचतच नाहीत, म्हणून फांद्या फुटत जातात. सपाट पृष्ठभागावर अशा पुंजक्याची मिती 1.71 येते. 1983 मध्ये मीकिन यांनी, आणि स्वतंत्रपणे कोल्ब, बोते आणि ज्युलियाँ यांनी, दुसरा नमुना मांडला. त्यात बीज नसतं. सगळेच कण फिरतात, जोड्या होतात, जोड्या जोड्यांना चिकटतात, पुंजके पुंजक्यांना. तीन मितींच्या अवकाशात याची मिती साधारण 1.78. धुरात, काजळीत आणि वायूतल्या नॅनोकणांत हाच प्रकार चालतो.

आता हा वायूतला पुंजका सबस्ट्रेटवर पडला आणि वरून त्याचा फोटो काढला. मिती 2 पेक्षा कमी असलेल्या वस्तूची सावली सपाटीवर घेतली तरी तिची मिती तीच राहते. म्हणजे फोटोत पुन्हा 1.78 च्या जवळपास. एका एसईएम प्रतिमेतून, जेमतेम दहापट लांबीच्या पट्ट्यावर, 1.71 आणि 1.78 वेगळे ओळखता येतील असं मला वाटत नाही. कडा कुठे धरली, काळं-पांढरं वेगळं करणारा उंबरठा किती ठेवला, यानेच आकडा त्याहून जास्त हलतो.

आकडा अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. तो 1.4-1.5 च्या घरात आला तर सपाटीवरच पुंजक्याला पुंजका भेटत गेल्याची शंका घ्यावी, कारण त्या प्रकारची द्विमितीय मिती 1.44 च्या जवळ असते. चिकटण्याची शक्यता कमी असेल, म्हणजे अनेक टकरींनंतर एखादीच जोडी टिकत असेल, तर वायूतले पुंजके दाट होतात आणि मिती 2.1 कडे जाते. पण 1.7 आला तर त्यावरून जागा ठरवू नका.

आकड्याचा खरा उपयोग थर किती पोकळ आहे हे समजायला होतो. कणाची त्रिज्या 5 नॅनोमीटर आणि पुंजक्याची 100 नॅनोमीटर धरा. मिती 1.78 असेल तर पुंजक्यात साधारण 200 कण बसतात. त्याच मापाचा भरीव गोळा करायला 8,000 च्या घरात लागले असते. कापसाच्या बोळ्याने थर का निघून येतो ते या दोन आकड्यांत दिसतं.

वायूत काय घडतं

निर्वातात प्लूम (टार्गेटमधून उडालेल्या पदार्थाचा तापलेला झोत) जवळजवळ अडथळ्याविना सबस्ट्रेटवर आदळतो. चेंबरमध्ये पार्श्ववायू भरला की चित्र बदलतं. खोलीच्या तापमानाला 1 पास्कलवर हवेच्या रेणूचा सरासरी मुक्त पथ (दोन टकरींमधलं अंतर) साधारण साडेसहा मिलिमीटर असतो. 100 पास्कलवर, म्हणजे 1 मिलिबारला, तो साधारण 66 मायक्रॉनवर येतो. तेव्हा पाच सेंटिमीटरच्या वाटेत अणूच्या शेकडो टकरी होतात. प्लूम मंदावतो, थांबतो, निवतो आणि वाफेतून कण जन्माला येतात.

सुरुवातीला कण तापलेले असतात. दोन कण भेटले की वितळून एकच गोळा होतात. तापमान खाली आलं की वितळणं थांबतं, नुसतं चिकटणं उरतं. साखळ्या सुरू होतात त्या इथून. म्हणून तुमच्या पुंजक्यातल्या सुट्या कणाचं माप म्हणजे वितळणं कधी थांबलं याची नोंद असते आणि पुंजक्याचं माप म्हणजे त्यानंतर किती वेळ मिळाला याची.

हा वेळ किती असतो, याचा एक ढोबळ हिशोब करू. एका पल्समध्ये 10¹⁵ अणू निघाले आणि सगळे 3 नॅनोमीटर व्यासाच्या कणांत गेले असं धरा. अशा एका कणात साधारण 850 अणू, म्हणजे 10¹² च्या आसपास कण. ते 10 घनसेंटिमीटरच्या ढगात पसरले तर दर घनसेंटिमीटरला 10¹¹. एवढ्या मापाच्या कणांच्या टकरींचा गुणांक सेकंदाला 10⁻¹⁶ ते 10⁻¹⁵ घनमीटरच्या दरम्यान येतो. त्यावरून कणांची संख्या निम्मी व्हायला काही दशक मिलिसेकंद लागतात. पुढे कण मोठे आणि विरळ होत जातात तसा हाच वेळ सेकंदाच्या दिशेने वाढतो.

आता लेझर 10 हर्ट्झवर चालू आहे. दोन पल्समधलं अंतर 100 मिलिसेकंद. म्हणजे आधीच्या पल्सचा ढग अजून विरलेला नसताना पुढचा प्लूम त्यात घुसतो. पुंजक्यांना वाढायला दर पल्सला नवं खाद्य मिळतं. पल्सचा वेग हा या प्रश्नात केवळ जाडी वाढवायचा स्क्रू नाही, पुंजक्यांचं आयुष्य ठरवणारा घटक आहे. इतकं महत्त्व त्याला क्वचितच दिलं जातं.

वायू कोणता, यानेही फरक पडतो. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत गिओहेगन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये सिलिकॉनचे नॅनोकण तयार होताना वेगवान कॅमेऱ्याने टिपले. आर्गॉनमध्ये कणांचा ढग जवळजवळ जागीच रेंगाळला. हीलियममध्ये तो धुराच्या वर्तुळासारखा पुढे सरकत गेला. रेंगाळणारा ढग म्हणजे पुंजक्यांना मोकळा वेळ, हे लक्षात ठेवून पुढच्या चाचण्या वाचा.

जागा शोधायच्या चाचण्या

सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे पाठमोरा तुकडा. सिलिकॉनचा एक स्वच्छ तुकडा नेहमीच्या जागी लावा आणि दुसरा होल्डरच्या मागच्या बाजूला, टार्गेटकडे पाठ करून. वेगाने सरळ येणारे अणू आणि आयन पाठीमागे पोचत नाहीत, पोचले तरी थोडे आणि पसरून. वायूत तरंगणारा नॅनोकणांचा धूर मात्र वळून मागे जातो. मागच्या तुकड्यावर तसेच पूर्ण वाढलेले, फांद्या असलेले पुंजके दिसले तर ते वायूत बनले, यात मग फारशी शंका उरत नाही.

दुसरी चाचणी पल्सच्या संख्येची, आणि मला हीच सर्वात बोलकी वाटते. एकाच होल्डरवर झाकण सरकवत चार जागी 10, 50, 200 आणि 1,000 पल्स टाका. मग एसईएममध्ये पुंजक्याचं माप आणि पुंजक्यांची संख्या वेगवेगळी मोजा. कमी पल्सलाही पुंजके पूर्ण वाढलेले असतील आणि पल्स वाढल्यावर फक्त त्यांची संख्या वाढत असेल, तर ते तयार होऊन वरून पडत आहेत. उलट कमी पल्सला ठिपके, मग छोटी बेटं, मग त्यांच्याच फांद्या लांबलेल्या, असा क्रम दिसला तर वाढ पृष्ठभागावर चालू आहे. 1,000 पल्सचा तुकडा मात्र जपून वाचा. पुंजके एकमेकांवर पडून गुंतले की दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

यासाठी टीईएमची (नमुन्याच्या आरपार इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची) कार्बन जाळी वापरणार असाल तर एक सावधगिरी. कार्बनवर नॅनोकण सैल बसतात आणि सरकू शकतात. 1995 मध्ये बार्डोटी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सुमारे 2,300 अणूंचे अँटिमनीचे पुंज ग्रॅफाइटवर चांगल्या वेगाने फिरतात आणि एकत्र येऊन फांद्यांची बेटं बनवतात. जाळीवर दिसलेली फांदी तुमच्या ऑक्साइड सबस्ट्रेटवरही तशीच बनली असेल असं गृहीत धरू नका. दोन्ही शेजारी शेजारी लावा.

तिसरी चाचणी लेझरविना करायची. स्वच्छ सिलिकॉन आत ठेवा, पंप करा, नेहमीचा वायू भरा, नेहमीइतका वेळ थांबा, हवा भरून बाहेर काढा. लेझर एकदाही लावायचा नाही. एसईएममध्ये तरीही पुंजके दिसले तर ते भिंतीवरून आणि शील्डवरून उडालेली जुनी काजळी आहे. ही चाचणी करायला कुणाला उत्साह नसतो, कारण तिच्यात थर मिळत नाही. पण "कालपर्यंत ठीक होतं" या प्रकारच्या तक्रारीत मी आधी हीच करायला सांगेन.

पुंजके वायूत बनत असतील तर

प्रेशर कमी करणं हा सरळ उपाय. प्लूम थांबण्याचं अंतर ढोबळमानाने प्रेशरच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. म्हणजे अंतर दुप्पट करायला प्रेशर आठ पट कमी करावं लागतं. प्रेशर 20 टक्क्यांनी कमी करून "काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांनी हे गणित बघावं. खरा फरक बघायचा तर मोठ्या उड्या घ्या: 100 पास्कल, 30, 10, 3.

ऑक्साइडच्या थरांत ही मोकळीक नसते. ऑक्सिजन कमी केला की थराचं रसायन बिघडतं. तिथे आधी सबस्ट्रेट जवळ आणा, प्लूमचं टोक थांबण्याच्या आत. मग पल्सचा वेग 10 वरून 1 किंवा 2 हर्ट्झवर आणा. 1 मिलिबारच्या आसपास तीन नॅनोमीटरचा कण एका सेकंदात काही सेंटिमीटर पसरू शकतो, त्यामुळे 1 हर्ट्झला ढग विरायला वेळ मिळतो. थर हळू वाढेल, ते सोसावं लागतं. वाढीच्या वेळी ऑक्सिजन थोडा कमी ठेवून, लेझर बंद केल्यावर जास्त ऑक्सिजनमध्ये थर निववणं हा मार्ग वायबीसीओसारख्या (यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड) पदार्थांत रुळलेला आहे.

वायूचा प्रवाहही बघा. 30 लिटरच्या चेंबरचा व्हॉल्व्ह आवळून पंपाचा प्रभावी वेग सेकंदाला 1 लिटरवर आणला असेल तर वायू सरासरी 30 सेकंद आत राहतो. प्रेशरचा आकडा तोच ठेवून आत येणारा वायू वाढवला आणि व्हॉल्व्ह तेवढाच उघडला, तर धूर लवकर बाहेर जातो. प्रवाहाचं तोंड टार्गेट आणि सबस्ट्रेटच्या मधून आडवं असावं, सबस्ट्रेटच्या दिशेने नको.

सबस्ट्रेट तापवल्याचे दोन परिणाम होतात. वायूतले कण गरम बाजूकडून थंड बाजूकडे ढकलले जातात, त्यामुळे तापलेला सबस्ट्रेट धुराला दूर ठेवतो. जे कण तरीही येतात ते उष्णतेने एकमेकांत मिसळून साखळ्या आखडतात. खोलीच्या तापमानाला टाकलेल्या थरांवर काजळी जास्त दिसते, त्यात या दोन्हींचा हात असतो.

पल्स फेम्टोसेकंदाचे असतील तर वरचे उपाय अर्धेच लागू पडतात. तिथे टार्गेटमधून थेट नॅनोकणच बाहेर पडतात, अगदी निर्वातातसुद्धा. प्रेशर कितीही खाली नेलं तरी सुटे कण येतच राहतील. प्रेशर कमी केल्याने जातात त्या फक्त साखळ्या.

पृष्ठभागावर बनत असतील तर

इथे प्रेशरशी खेळण्यात अर्थ नाही. 1991 मध्ये रुथेनियमवर सोन्याची एका अणूच्या जाडीची बेटं पाहिली गेली तेव्हा खोलीच्या तापमानाला ती फांद्यांची होती, मिती 1.72 च्या जवळ. तापवल्यावर तीच बेटं भरीव झाली, कारण कडेला चिकटलेल्या अणूला कडेने सरकत जाऊन चांगली जागा शोधता आली. म्हणून अणूंची बेटं असतील तर तापमान वाढवा आणि पल्सचा वेग कमी ठेवा. सैल बसणारे कण पृष्ठभागावर फिरत असतील तर प्रश्न पकडीचा आहे. सबस्ट्रेट प्लाझ्माने स्वच्छ करा किंवा ज्यावर तो पदार्थ घट्ट बसतो असा पातळ मधला थर द्या.

बरं झालेलं दुखणं परत का येतं

उपाय लागू पडला, आठवडाभर थर छान आले आणि मग पुन्हा काजळी. अशा वेळी भौतिकशास्त्र बदललेलं नसतं. तुम्ही लावलेला आकडा आणि चेंबरमधली खरी स्थिती यांची फारकत झालेली असते.

पिरानी गेज हा यातला नेहमीचा दोषी. तो वायूच्या उष्णतावहनावर चालतो आणि बहुधा नायट्रोजनसाठी कॅलिब्रेट केलेला असतो. मिलिबारच्या खाली आर्गॉनमध्ये खरं प्रेशर त्याने दाखवलेल्याच्या दीडपटीहून जास्त असतं. हीलियममध्ये उलट, थोडं कमी. वायू बदलला, गेज बदलला किंवा दुसऱ्याची रेसिपी उचलली की तोच आकडा वेगळं प्रेशर सांगतो. जमत असेल तर पडद्याच्या हालचालीवर चालणारा कपॅसिटन्स गेज वापरा, त्याला वायूची जात कळत नाही. तो नसेल तर रेसिपीत आकड्याशेजारी गेजचा प्रकार आणि वायूचं नाव लिहायलाच हवं.

लेझर आत येते त्या खिडकीवरही हळूहळू थर चढतो. बाहेर मोजलेली ऊर्जा तीच दिसते, टार्गेटपर्यंत मात्र कमी पोचते. मग कुणीतरी ऊर्जा वाढवतं, पुढे कुणीतरी खिडकी साफ करतं, आणि वाढवलेली ऊर्जा तशीच राहते. प्रत्येक पल्सला जास्त पदार्थ उडतो, ढग दाट होतो, पुंजके परत. खिडकीच्या आत पोचणारी ऊर्जा ठरावीक काळाने मोजत जा.

आणि भिंती. सच्छिद्र काजळी भिंतीला नीट धरत नाही. हवेचा व्हॉल्व्ह एकदम उघडला की ती उडते आणि तुमच्या नुकत्याच केलेल्या थरावर बसते. लेझरविना केलेल्या चाचणीत पुंजके दिसले असतील तर शील्ड काढून धुवा, आणि पंप करताना व हवा भरताना पहिली काही मिनिटं व्हॉल्व्ह जेमतेम उघडा. ही काजळी साफ करताना मास्क आणि हातमोजे घालाच, नॅनोकण फुप्फुसात खोलवर जातात. धातूची ताजी काजळी हवेत पेटही घेऊ शकते, तेव्हा ती कोरडी खरवडू नका, ओल्या कापडाने पुसा. पण ॲल्युमिनियम, मॅग्नेशियमसारखे क्रियाशील धातू टाकले असतील तर पाण्याशी त्यांची अभिक्रिया होते. तिथे तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारूनच हात घाला.

नमुना द्रावकात धुतल्यावर किंवा पाण्याच्या थेंबाखालून वाळल्यावर उमटणारी नेच्यासारखी नक्षीही याच यादीत येते. ती ओळखणं सोपं आहे: एकाच तुकड्याचे दोन भाग करा, एक धुवा, एक न धुता एसईएमखाली ठेवा. तापवलेल्या अनाकार थरात, विशेषतः जर्मेनियमवर सोनं किंवा ॲल्युमिनियम असेल तर, स्फटिकीकरण होतानाच फ्रॅक्टल आकार उमटतात. तिथेही तापवण्याआधीचा आणि नंतरचा तुकडा समोरासमोर ठेवला की प्रश्न सुटतो.

वायूसंवेदक किंवा उत्प्रेरकासाठी हाच पोकळ थर मुद्दाम हवा असेल तर वरच्या चाचण्या तशाच करा आणि उपाय उलटे फिरवा: आर्गॉन, जास्त प्रेशर, लांब सबस्ट्रेट, थंड होल्डर. तेव्हा तक्रार "पुंजके का येतात" अशी नसते, "दर वेळी वेगळे का येतात" अशी असते. तिचं उत्तर शोधायला सुरुवात पुन्हा गेज, खिडकी आणि भिंतींपासूनच करावी लागते.